पाच मि. औषध

टोकावडे, पौष वद्य

प्रिय ताई,

भाऊजींनी दिलेली डांग्या खोकल्याची बाटली आणि तू आठवणीनं सोबत घातलेलं काचेचं नवं माप सकाळी सुखरूप पोचलं. सासूबाईंनी माप कौतुकानं देवापुढंच ठेवलं. एरवी मी हसले असते, पण हे हसायचे दिवस नाहीत गं. मंगळ्या एवढासा जीव. उबळ आली की काळानिळा पडतो, आणि श्वास परत येईपर्यंत माझाच जीव जातो. एकटी त्याच्यापाशी बसायलाही मी घाबरते.

भाऊजींच्या चिठ्ठीत ‘५ मि., दिवसातून तीनदा’ एवढंच आहे. मापावर पाचाची रेघ होतीच. मी बाळाला पाजणार तोच सासूबाईंनी हात धरला. इथली रीत तुला ठाऊक आहे, अंगावरच्या बाळाला औषध थेट द्यायचं नाही. “आदी तू घे गो, दुधातून जाईल पोराला,” म्हणाल्या. मी चिडले, पण वाद कोण घालणार! रेघेपर्यंत भरून मीच प्याले. मंगळ्या झोपलाय तोवर तुला चार ओळी लिहाव्यात म्हणून बसले.

दिवाळीत मी तुमच्याकडे मुरबाडला आले होते, तेव्हा भाऊजी दवाखान्यातल्या नव्या मापांवर वैतागले होते, आठवतं? जुनं माप मिनिमचं, म्हणजे जेमतेम थेंब. नवं मिलिलिटरचं, त्यात तसले पंधरा-सोळा मावतात. आणि लिहिताना दोन्हींना ‘मि.’च! आपण करंज्या तळत होतो, कोण लक्ष देतंय? हे आत्ता लिहिता लिहिता आठवलं आणि उठून मापावरची रेघ पुन्हा पाहिली.

ताई, तोंड कोरडं ठाक पडलंय. तांब्याभर पाणी प्याले तरी जीभ टाळ्याला चिकटते. गाल पेटलेत, छाती धडधडते. भीतीनंच होत असेल, असं मनाला समजावते. पण अक्षरंही पुसट दिसायला लागलीत आणि दारातलं ऊन डोळ्यांना सोसवत नाही. मला फार भीती वाटते गं.

हे बैल जोडताहेत, पत्र त्यांच्याच हाती देते. भाऊजींना विचार, कोणतं ‘मि.’? उतारा असेल तर यांच्याबरोबरच पाठव. तू स्वतःला बोल लावू नकोस. मंगळ्या उठलाय, भुकेनं रडतोय. सासूबाई त्याला पुन्हापुन्हा माझ्या मांडीवर ठेवताहेत आणि मी त्याला खाली ठेवतेय. त्यांना वाटतंय, मला वेड लागलं.

तुझीच, घाबरलेली
सरू