कंपायलर बदलू नये म्हणून केलेला अर्ज

मॅडम, माझी मुलगी यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मागच्या रविवारी आम्ही तिच्यासाठी नवा डेस्कटॉप घेतला. बिबवेवाडीतल्या आमच्या घरात त्याला जागा करता करता एक खुर्ची आणि शिलाई मशीन गॅलरीत गेलं. वायरी जोडून झाल्यावर ती म्हणाली, "आई, कंपायलर कुठला टाकू? कॉलेजमध्ये तो जुना, निळ्या स्क्रीनवाला सांगितलाय." मी तिथेच पलंगावर टेकले. आमच्या वेळचा तो निळा पडदा अजून चालू असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तुमच्याबद्दल कुणाशी बोलावं लागेल असंही नाही.

तुम्ही आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबवर तासिका तत्त्वावर होता. म्हणजे वर्ष संपलं की पुढचं बोलावणं येईल की नाही, ते विभागप्रमुखांच्या मर्जीवर. तरीही पहिल्याच आठवड्यात तुम्ही सगळ्या मशीनवर नवा कंपायलर टाकलात. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवण्याचं त्याचं काम. जुना निळा भलताच सोशिक होता, आम्ही काय वाट्टेल ते लिहावं आणि त्याने चालवून घ्यावं. नवा ओळीओळीला इशारे देत बसायचा. आणि आमची जर्नलं तर सीनिअरांच्या जर्नलांवरून उतरवलेली, त्यांची त्यांच्या सीनिअरांवरून. बेरीज सुरू करण्याआधी तिची किंमत शून्य करायची असते, हे कधीकाळी कुणीतरी विसरलं होतं, आणि ती चूक बॅचमागून बॅच इमानेइतबारे उतरत आली होती. जुन्यावर नशिबाने उत्तर बरोबर यायचं. नव्यावर पाच विषयांच्या मार्कांची बेरीज कोटींच्या घरात गेली. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "उत्तर बरोबर येत होतं म्हणजे प्रोग्राम बरोबर होता, असं कोण म्हणालं तुम्हाला? आंधळ्याच्या गायी देव राखतो. परीक्षेला बोलावणार आहात का त्याला?"

मला ते तेव्हाच पटलं होतं, आणि लाज वाटते ती त्याचीच. न कळून केलं असतं तर आज एवढं टोचलं नसतं. सदाशिव पेठेत रूमवर आम्हा चौघींत मिळून एक जुना डेस्कटॉप होता, नेट नव्हतं. हे कळल्यावर तुम्ही मला तो कंपायलर सीडीवर भरून दिलात, वर चिठ्ठीत एकेक पायरी लिहून. मी तो टाकला. आठवडाभर इशारे वाचत बसले आणि पहिल्यांदाच मला आपण काय लिहितोय ते समजायला लागलं. माझे सगळे प्रोग्राम नव्यावर नीट चालत होते. वर्गात असं सांगू शकणारी बहुधा मी एकटीच होते.

पण मी बुलढाण्याकडून आलेली. माझ्या 'मले-तुले'ची नक्कल करून मुली हसायच्या आणि कॅन्टीनमध्ये मी एकटी चहा प्यायचे. एक दिवस त्यांनी मला हाक मारली, सरकून जागा करून दिली. प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येणार, जर्नलमधला प्रोग्राम चाललाच नाही तर सगळी बॅच बुडणार, तेव्हा विभागप्रमुखांना अर्ज द्यायचा असं ठरलं होतं. "तुझं अक्षर छान आहे गं, तूच लिही ना." मी लिहिला. नुसता लिहिला नाही, मॅडम, सजवला. 'सदर शिक्षिकेच्या प्रयोगांमुळे विद्यार्थ्यांचे नुकसान होत आहे' हे वाक्य माझं आहे. ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याबद्दल मला समोसा मिळाला आणि मी तो आनंदाने खाल्ला. सगळ्यांनी सह्या केल्या. माझी पाळी आली तेव्हा मी तास आहे म्हणून उठले.

पुढच्या जर्नल तपासणीला तुम्ही नेहमीसारख्या एकेक पान उलटत होता. माझ्या जर्नलवर थांबलात. "अक्षर सुंदर आहे तुझं. अर्जातही ओळी अगदी सरळ आल्यात. सही तेवढी राहिली वाटतं."

"मला काही माहीत नाही, मॅडम."

"बरं. पुढचा नंबर."

तुम्ही माझ्या पानावर 'तपासले' लिहून सही केलीत. आठ दिवसांत लॅबच्या मशीनवर पुन्हा निळा पडदा आला. परीक्षा झाली, आम्ही सगळे पास झालो, त्या चुकलेल्या बेरजेसकट. पुढच्या वर्षी तुमच्या जागी एक सर आले. तुम्ही कुठे गेलात, हे मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. काही वर्षांनी पेपरात तुमचा छोटा फोटो आणि 'दुःखद निधन' वाचलं. पत्ता सदाशिव पेठेतलाच होता, माझ्या घरापासून स्कूटरवरून वीस मिनिटांचा. मी गेले नाही. आता हे पत्र लिहितेय, तर ते टाकायला पत्ता उरलेला नाही.

आज मी हडपसरच्या ज्या ऑफिसात आहे तिथे एकही इशारा शिल्लक असला तर काम पुढे जात नाही. ज्युनिअर मुलं मला खडूस म्हणतात. त्यांना मी तुमचं ते उत्तराचं आणि प्रोग्रामचं वाक्य ऐकवते, आणि ते माझंच आहे असं त्यांना वाटू देते.

मुलीच्या डेस्कटॉपवर मी अर्थात नवाच कंपायलर टाकला, सगळे इशारे चालू ठेवून. पहिल्याच प्रोग्रामला डझनभर इशारे आले. ती वैतागली, कॉलेजला आणि मला मिळून बोलली, आणि मग एकेक वाचत दुरुस्त करायला लागली. तासाभराने मान वर करून म्हणाली, "भारी आहे गं हे. तुला कुणी शिकवलं?"

"आमच्या लॅबला एक मॅडम होत्या."

"मस्त असणार. किती वर्षं होत्या?"

"एकच."

"एकच? का सोडलं त्यांनी?"

सांगायला याहून सोपी वेळ मला मिळाली नसती. खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि ती माझीच मुलगी, तिने मला माफही केलं असतं. मी म्हटलं, "त्यांना दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली."

"बरं झालं मग," ती म्हणाली आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली.

मी "हो" म्हणाले, मॅडम.