दुसरा बूट

ऑकलंड, १ सप्टेंबर २०२५

ती. स्व. रवींद्रकाका यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि हे पूर्ण कळायला हवं, म्हणून लिहिते. वीकेंडला लॅबचा फ्रीझर बंद पडला. तुमच्या पेअरच्या झाडाखालच्या मातीत मला जो विषाणू सापडला होता, तो गेला. राखून ठेवलेला नमुनाही त्याच फ्रीझरमध्ये होता. झाडं जळल्यासारखी काळी करणाऱ्या त्या फायर ब्लाइट रोगाच्या जिवाणूला तोच खायचा. हेस्टिंग्जच्या बागेत फुलं उमलली की फवारायचा होता. हा बहर हुकला तर प्रोजेक्ट बंद, आणि माझी नोकरीही. झाडाखालची बरणीभर माती लगेच पाठवा. कांचनकाकूंना सांगा, लोणच्याची बरणी नको.

तुमचा लोभ या वेळी फार लागणार आहे.
मृणालिनी

अप्पर हट, ३ सप्टेंबर

चि. मृणालिनी हिस,
अ. उ. आ.

कसं सांगू? झाड जुलैत काढलं. फांद्या जळल्यासारख्या काळ्या पडल्या होत्या, आणि असं झाड ठेवलं तर शेजाऱ्यांच्या झाडांनाही रोग लागेल, असं तूच नाताळात जेवताना बजावलं होतंस. बुंधा खणून वर काँक्रीट ओतलं. बादलीभर माती गणपतीसाठी राखली होती. पण मूर्ती करताना नातीचे, इराचे, हात लागणार, आणि इथे कुंडीच्या मातीच्या पिशव्यांवर फुप्फुसाच्या आजाराचा इशारा असतो. म्हणून काकूने ती ओव्हनमध्ये भाजली. बाप्पा खरपूस झाला म्हणून आम्ही हसलोही. विसर्जनाचा गाळ बादलीत आहे, तो पाठवतो.

काळजी करू नकोस असं लिहिणार होतो, लिहवत नाही.
रवींद्रकाका

ऑकलंड, ९ सप्टेंबर

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

गाळ तपासला. प्लेटमध्ये जिवाणूंचा दुधट थर वाढवून त्यावर मातीचं पाणी सोडतात. विषाणू जिवंत असेल तर थराला गोल भोकं पडतात. एकही पडलं नाही. भाजल्यावर कोण जगणार? आज बॉसने अगदी गोड आवाजात विचारलं, टेबल कधी रिकामं करशील. मी ‘स्वीट ॲज’, म्हणजे ‘काही हरकत नाही’, म्हणून हसले आणि इथल्याच माउंट वेलिंग्टनच्या मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. बागेचे मालक ब्रायन रोज कळ्यांचे फोटो पाठवतात. गेल्या वर्षी त्यांनी अर्धी बाग तोडून जाळली. काकूंना बोलू नका. पण त्या मातीने माखलेलं काहीही उरलंय का? फावडं, हातमोजे, काहीही?

तुमची
मृणालिनी

अप्पर हट, ११ सप्टेंबर

चि. मृणालिनी,
खूप आशीर्वाद.

फावडं ह्यांनी धुऊन, तेल लावून टांगलंय. हातमोजे फेकले. हत्यारं अशी जपणारा माणूस गंबूट मात्र चिखलासकट गॅरेजमध्ये टाकतो, यावरून आमचं लग्नापासूनचं भांडण. माती भाजल्यापासून हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून आज तेच, झाड खणतानाच्या चिखलाने माखलेले, धुवायला घेतले होते. नळ सोडला, आणि बूट पाण्याखाली धरायच्या आत हे ओरडत आले, हातात तुझं पत्र. कुरिअरच्या पिशवीत एकच मावला, डावा. वास आला तर मला नको, ह्यांना बोल.

सोबत चिवडा आहे. वेगळ्या पिशवीत.
कांचनकाकू

ऑकलंड, २० सप्टेंबर

ती. स्व. काका-काकूंस,
सा. न. वि. वि.

हेस्टिंग्जला पहिली फुलं उमलली. मी बुटाच्या चिखलाचं पाणी सोडलेल्या प्लेटा उजेडात धरून बघत बसते. काल एकीवर एक भोक दिसलं, मोहरीएवढं. तोच आहे की हवेचा बुडबुडा, माहीत नाही. तोच असला तरी फवारण्याएवढा वाढेपर्यंत बहर टिकेल का, तेही माहीत नाही. बॉसला सांगितलेलं नाही. टेबल रिकामं केलेलं नाही.

लोभ असू द्या, आणि दुसरा बूट धुऊ नका.
मृणालिनी