कॉलनीतले कूलर

खापरखेडा, ८ जून २०२५

चि. पिंकीस देवाजीकाकाचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तू बरी आहेस ना? आईचे गुडघे काय म्हणतात? तुझ्या धाकट्या भावाचा, संघपालचा खोकला गेला काय? आमची तुळसाबाई तू विकलेल्या कूलरसमोरून उठत नाही. भाकरी मीच थापून राहिलो.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. काल तुझ्या धरमपेठच्या दुकानातून एक माणूस आला. तू आपल्या कॉलनीत विकलेले कूलर घरोघरी पाहत फिरला. पिंकी तुमची कोण, असं विचारलं. आधी शेजारी राहायची ती पोर, एवढंच म्हणायले जीभ वळली नाही. आमचीच मुलगी, म्हटलं. साऱ्यांनी तेच सांगितलं. त्यानं सारं लिहून घेतलं, पण चहाले शिवला नाही वं. काही गडबड तर नाही ना?

तुझा,
देवाजीकाका

नागपूर, १३ जून २०२५

ती. स्व. काकाजींस सविनय जयभीम.

फोनवर बोलत नाही. काउंटरवर मालकाचा भाऊ कान लावून असतो. म्हणून संघपालजवळ चिठ्ठी देते.

मालकानं या महिन्यात नियम काढला, नात्यातल्या गिऱ्हाइकावर कमिशन नाही. तेही मार्चपासून! म्हणजे विकून, बसवून झालेल्या कूलरवरही. तुम्ही साऱ्यांनी मुलगी म्हटलं अन् कॉलनीतलं माझं सगळं कमिशन कापलं. संघपालची फी त्यातूनच भरायची होती.

आता म्हणतो, नियम मंजूर म्हणून सोमवारी सही कर, नाहीतर घरी बस. किंवा कॉलनीवाल्यांकडून 'ही आमची कोणी नाही' असं लिहून आण. रात्रभर डोळा लागत नाही. तेवढं लिहून द्याल काय?

तुमची,
पिंकी

खापरखेडा, १४ जून २०२५

चि. पिंकीस आशीर्वाद.

लिहायले बसलो होतो. तुळसाबाईनं पेनच हिसकला. म्हणाली, आज कोणी नाही म्हणून लिहाल, मग दिवाळीले तिले कोणत्या तोंडानं बोलवाल?

अन् काहून लिहायचं? मुलगी असो की शेजारीण, तू कूलर विकले तेव्हा हा नियम होता कुठं? तेव्हा जे ठरलं, तेच त्यानं द्यावं. सही करू नको. सोमवारी कामगार कार्यालयात जाऊ. कूलर घेतलेले सारे बिलं घेऊन यायले तयार आहेत.

पण पोरी, एक विचारतो. एकदा माया दाखवून तुझं नुकसान केलं. आता एवढे जण आलो, मालक चिडला अन् तुले काढलंच तर? संघपाल दारात थांबला आहे, त्याच्याजवळच देतो. आम्ही येऊ की नको, तेवढं लवकर लिही.

तुझा,
देवाजीकाका