माझ्या कानानं निवडलेला अध्यक्ष

रविवार, संध्याकाळ

आजच्या एका मताची खरी किंमत: हुकलेली दुपारची झोप, सगळ्यांना समजावून बसलेला घसा आणि भाचीकडचं बुडालेलं झणझणीत सावजी जेवण. पण वसूल झालं! जगभरच्या मोटारशर्यती चालवणाऱ्या संघटनेचा पुढचा अध्यक्ष कोण हवा, हे आमच्या धरमपेठेतल्या मोटार क्लबला दिल्लीच्या मुख्य कार्यालयाला कळवायचं होतं. तिन्ही उमेदवारांची भाषणं पडद्यावर लावली. मी डोळे मिटले. गॅरेजात इंजिन मी असंच ऐकतो.

सेक्रेटरी म्हणाले, "झोपले का गा, मिस्त्री?"

"ऐकून राहिलो. पहिला नुसती रेस देऊन राहिला. दुसऱ्याचा सायलेन्सर फाटला आहे. तिसरा पाहा, न्यूट्रलवर कसा स्थिर! खोट्या माणसाचा आवाज असा लागत नाही."

इंग्रजी अर्धंच कळलं, आवाज मात्र पूर्ण कळला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तिसऱ्याच्या नावाचं पत्र तिथूनच गेलं. आठवी नापास माणसाचं ऐकून! इतकं फुगावं का? फुगावं. असा कान विकत मिळत नाही.

क्लबात सोबत आलेली पोरगी परतताना गाडीत हसू दाबून राहिली होती. "काहून वं?" विचारलं.

"बाबा, तिसरा तर स्पॅनिश बोलून राहिला होता. तुम्ही ऐकला तो दुभाष्याचा आवाज."