हेडफोनची वायर

जयराज,

मी उंब्रजला मायाकडं चाललोय. टीव्हीला ऑडिओचं गोल भोक एकच हाय आणि त्यात माझ्या हेडफोनची वायर होती. तोफखान्यात कान गेल्यापास्नं मला बातम्या तेवढ्यावरच ऐकू येत्यात. तू ती उपसून तुझ्या साउंडबारची खुपसलीस. बापाला इचारलंबी न्हाईस.

साउंडबारच्या खोक्यात एचडीएमआयची वायर पडलीय, तिची पिशवीबी तू फोडली न्हाईस. ती टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या खाचेत घाल, साउंडबार तिच्यावरबी वाजतो. तिथली सेटटॉप बॉक्सची वायर शेजारच्या खाचेत सरकव.

चार दिवस आख्ख्या गल्लीला टीव्ही ऐकू गेला. मी नुसती तोंडं हलताना बघितली. जेवताना तुमचीबी.

मायाचा टीव्ही बंद पडलाय, पण माझी ही लेक कानाशी येऊन बोलती.

— आबा