रांग चौदा, खांबामागे

१२ एप्रिल, शनिवार

खांब! नवं कोरं स्टेडियम, रिबन कापून आठवडा झाला नाही, आणि आमच्या तीन खुर्च्यांसमोर हा हिरवा लोखंडी खांब. माझ्या कमरेएवढा जाड, आणि माझी कंबर काही कमी नाही. छपरावर सोलर पॅनेल बसवलीत, त्यांचं वजन पेलायला म्हणे. पर्यावरण वाचलं. इरा जिथून चेंडू टाकते तो मातीचा उंचवटा नेमका खांबाच्या आड. डावीकडे वाकलं की तिचा हातमोजा दिसतो, उजवीकडे वाकलं की वेणी. अख्खी पोर एका वेळी दिसतच नाही.

बेसबॉलच्या या टीममध्ये सगळे मुलगे, ही एकटी मुलगी. सोळा वर्षांची. सहा वर्षं हात दुखेपर्यंत सराव करून इथवर पोचली, आणि आई खांब बघत बसलीय.

समीर म्हणतो, "अगं, ऐकू येतंय ना सगळं." हातातली कॉफी नवऱ्याच्या डोक्यावर ओतावीशी वाटली. ओतली नाही, याची नोंद असावी.

१५ एप्रिल, मंगळवार

लंचमध्ये क्लबला फोन. तिथला माणूस थंडपणे म्हणे, सीटिंग प्लॅन वेबसाइटवर होता. म्हटलं, त्यात खांब नव्हता. "हे बघा, प्लॅनमध्ये फक्त खुर्च्या दाखवतात."

फोन टेबलावर आपटला. स्क्रीनला तडा. इथलं जर्मनीतलं, एश्बॉर्नचं आमचं ऑफिस म्हणजे वाचनालय, सगळ्या माना वळल्या. सटकला हातातून, असं सांगितलं. त्याच्या कानाखाली जाळ काढला असता तर बरं वाटलं असतं.

२६ एप्रिल, शनिवार

आज रक्त. बॅट्समनचा चुकलेला फटका जाळीच्या कडेनं वर आला. आमच्या रांगेतल्या कोणालाच दिसला नाही, खांबामागून थेट शेजारच्या बाईच्या गालावर. नारळ फुटल्यासारखा आवाज. पांढरं जॅकेट क्षणात लाल. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती बसून राहिली, तोंड उघडं. मी तिचं डोकं धरलं, माझे हात चिकट झाले. तिच्या जागी समीरचे बाबा असते तर? पुढच्या आठवड्यात येताहेत.

संध्याकाळी क्लबची मेल. खेद वगैरे. उपाय काय, तर पुढच्या पाच रांगा आता मोकळ्या, सीझन पास असलेल्यांपैकी जो आधी येईल त्याच्या. म्हणजे आता धक्काबुक्की करा.

४ मे, रविवार

बाबा आले. माझे सासरे. वय शहात्तर, पहिल्यांदाच जर्मनीत. सगळा आटापिटा कशाला, तर नातीला खेळताना बघायचंय. उजवा डोळा ऑपरेशनमध्ये गेला. डाव्याचंही डॉक्टर फार काही बरं बोलत नाहीत. "आहे तोवर बघून घेतो," म्हणाले. मी कांदा चिरत होते ते बरं झालं.

जागेची भानगड सांगितली तर हसले. "एवढंच ना मंजिरी? रुमाल टाकू की." चाळीस वर्षं सातारा-पुणे एसटी. खिडकीतून रुमाल आत गेला की जागा आपली, कोणाची टाप नाही हलवायची. मला गंमत वाटली. तेव्हाच अडवायला हवं होतं.

१० मे, शनिवार



तासभर आधी गेलो. बाबांनी तिसऱ्या रांगेत तीन खुर्च्यांवर तीन रुमाल टाकले, मुद्दाम माझ्याकडून इस्त्री करून घेतलेले. मग इराचा वॉर्मअप बघायला कुंपणापाशी गेले. समीर पार्किंगमध्ये. मी चौदाव्या रांगेत जुन्या जागेवरची पिशवी आणायला वर गेले.

तेवढ्यात लाल जॅकेटवाला एक माणूस आला. पन्नाशीचा, धिप्पाड. रुमाल दोन बोटांच्या चिमटीत उचलले, एकेक करून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि बसला. इथे कापडी रुमाल वापरतं कोण? त्याला वाटलं, नाक पुसून कोणी टाकलेत. हे आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा नव्हतं सुचलं.

बाबा धावत आले. "ओ! ओ मिस्टर! जागा धरलीय!" सगळं मराठीत. तो म्हणाला, "दास इस्ट डोख म्युल." कचरा आहे म्हणून. बाबांनी त्याची बाही धरली. तो उठला.

मग बाबा पायऱ्यांवर आडवे. डोकं काँक्रीटवर. पांढऱ्या केसांतून रक्त.

अकरा रांगा कशा उतरले ठाऊक नाही. हातात जिऱ्याच्या पाण्याची स्टीलची बाटली, लिटरभर, काठोकाठ. ती त्याच्या तोंडावर हाणली. एकदाच. हाड मोडल्याचं मनगटापर्यंत कळलं. दात पडले, मी पाहिले, पायरीवर. तो "बिट्टे, बिट्टे" करत होता, प्लीज, प्लीज म्हणून.

पोलिसांना सांगितलं: त्यानं ढकललं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

११ मे, रविवार

बाबांना पाच टाके. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, समीर कुठूनतरी ऐकून आला. मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही. रात्री शांत झोपले, कित्येक महिन्यांनी. हे कुठे बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहिते: बरं वाटलं. फार बरं वाटलं.

इरा जेवायला आली नाही. मॅच रद्द झाली म्हणून चिडली असेल.

२० मे, मंगळवार

वकीलबाई. केस गंभीर दुखापतीची. चौकशी संपेपर्यंत माझा आइनब्युर्गेरुंगचा, म्हणजे नागरिकत्वाचा, अर्ज थांबणार. बारा वर्षं राहून, परीक्षा देऊन, सगळी कागदपत्रं पुरी करून. गुन्हा शाबीत झाला तर पासपोर्ट विसरायचा, नोकरीचंही सांगता येत नाही.

सुटायची वाट एकच. त्यानं वृद्ध माणसाला ढकललं, आणखी मारणार होता, मी वाचवलं. बाई म्हणाल्या, "सगळं यावर अडलंय, की तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं."

"आणि एकदाच मारलंत?"

"एकदाच."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पोलिसांची फाइल यायची आहे, मग बोलू."

२४ मे, शनिवार

बाबांना विचारलं, नक्की काय झालं. सकाळी म्हणाले, "ढकललंच की मेल्यानं." दुपारी म्हणाले, "पाय सटकला असेल गं, त्या बाजूचं मला दिसत नाही." चहाच्या वेळी पुन्हा ढकललं. त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. टाके पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

२९ मे, गुरुवार

सुट्टी. स्टेडियमला गेले. मला आत बंदी आहे, पण माळ्याचं गेट उघडं होतं. चौदावी रांग, जिथे पिशवी उचलली तिथे उभी राहिले. तिसरी रांग बघितली.

खांब.

डब्यापर्यंत दिसतं. तो बसला होता तेही दिसतं. पायऱ्या दिसत नाहीत. तो उठला, आणि त्यापुढचं मी पाहिलेलं नाही. मी पाहिलं ते नंतरचं रक्त.

खांबाला लाथ घातली. परत घातली. मग मुठी. दोन बोटं सुजलीत, एक बहुतेक मोडलंय. खांबावर ओरखडासुद्धा नाही.

७ जून, शनिवार

समीर म्हणाला, "मंजू, तू खरंच पाहिलंस ना?" समोरचं वरणाचं पातेलं भिंतीवर गेलं. मी फेकलं. वरण त्याच्या चष्म्यावर. बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत. समीर भिंत पुसत होता, आणि मी पुढे झाले तसा त्यानं हात डोक्यावर धरला. आपोआप. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

१३ जून, शुक्रवार

इराच्या नावानं पोलिसांचं पत्र. साक्षीदार म्हणून बोलावलंय, सोमवारी अकराला. मुलगी आहे म्हणून ती नकार देऊ शकते, तसं छापलंय.

मी कधी विचारच केला नव्हता. आम्ही सगळे तिला बघायची धडपड करत होतो. ती उंचवट्यावर उभी होती, वॉर्मअपचा चेंडू हातात, तोंड आमच्याकडे. मध्ये काही नाही.

१५ जून, रविवार

दुपारी तिच्या खोलीत गेले. पलंगाच्या कडेवर बसले. म्हटलं, "तू पाहिलंस?"

"हो."

"त्यानं आजोबांना ढकललं?"

माझ्याकडे बघेना. घरात महिनोन् महिने जर्मनच बोलते, आज मराठीत बोलली, एकेक शब्द शोधून. "ते सांगितलं तर मला दुसरं पण विचारतील, आई."

"दुसरं काय?"

"तू किती वेळा मारलंस."

"एकदा."

"चार. पहिल्यात तो खाली पडला. मग तीन. तो हात असे करत होता." हात डोक्यावर धरून दाखवले.

मला एकच आठवतंय. खरंच एकच आठवतंय.

म्हणाली, "उद्या जाऊ की नको? तू सांग."

खाली समीर बाबांना औषध देत होता, चमच्याचा आवाज येत होता. इरा वाट बघत बसली होती, आणि मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.