टेस्टपुरतं पथ्य

व्हिटबी, २१ सप्टेंबर २००८

ती. प्रमोदिनीताईस,
सा. न. वि. वि.

फोन करायचा सोडून पत्र कसलं लिहितोय हा, म्हणशील. फोनवर अजून मधेच शब्द अडकतो, आणि तू घाबरतेस.

आता घरी आलोय, काळजी नको. गेल्या सोमवारी सकाळी उल्काकडे चमचा मागत होतो, तर चमचा हा शब्दच येईना. उजवा हातही लुळा. तिला आधी थट्टा वाटली, मग तोंड बघून तिने अँब्युलन्स बोलावली. मेंदूच्या रक्तवाहिनीत छोटीशी गुठळी. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या काय नि मेंदूच्या काय, नळ्या एकाच तऱ्हेने तुंबतात. तीस वर्षं शहराच्या पाण्याचे पाइप सांभाळले मी, आणि हे मला दुसऱ्याने सांगावं!

शरमेची गोष्ट पुढेच आहे. हॉस्पिटलात रक्त तपासलं, कोलेस्टेरॉल भरमसाट. जूनच्या रिपोर्टात मात्र छान. डॉक्टर चक्रावले, तेव्हा कबूल करावं लागलं. दर वर्षी टेस्टआधी महिनाभर मी उकडलेले मूग नि दुधी खातो, परीक्षेच्या तोंडावर घोकंपट्टी करावी तसं. लॅबमधून निघालो की थेट समोसे. अकरा वर्षं चाललंय. आमचे फॅमिली डॉक्टर बिचारे पाठ थोपटायचे, गोळी लिहायचेच नाहीत. उल्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

हॉस्पिटलातली आहारतज्ज्ञ नीरजा म्हणाली, कोलेस्टेरॉल मेंदूलाही लागतं, शरीर ते स्वतः बनवतं. जास्तीचं मात्र नळ्यांत साचतं. महिनाभर उपास करू नका, वर्षभर नीट जेवा. ओट्स, अक्रोड, जवस, मासे खा.

ताई, बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी असेच गेले. तुझी टेस्ट कधी झाली?

तुझा लोभ आहे म्हणून एवढं लिहिलं.
हेमचंद्र

लंडन, १ ऑक्टोबर

चि. हेमचंद्र यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग असा राग आला म्हणतोस! एवढा शिकलेला इंजिनियर, आणि डॉक्टरला फसवतोस? समोर असतास तर कान पिरगाळला असता. उल्काने चांगला महिनाभर अबोला धरायला हवा होता.

इथवर लिहून पेन खाली ठेवलं. दोन दिवस पत्र तसंच पडलं होतं. आता खरं लिहिते. माझी टेस्ट दर वर्षी श्रावण संपताना असते, आणि तो योगायोग नाही. एक वेळ जेवण, तळण बंद. रिपोर्ट आला की गणपतीच्या मोदकांवर तुपाची धार. तू निदान एकट्याने लबाडी केलीस, मी देवाला सामील करून घेतलं.

पुन्हा टेस्टला जायची भीती वाटते रे. चांगला रिपोर्ट हातात असला की बरं वाटतं. तुझ्या भाऊजींना यातलं काही सांगू नकोस.

जप स्वतःला, एवढंच मागणं.
ताई

व्हिटबी, ८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न.

भाऊजींना सांगत नाही, पण एका अटीवर. दिवाळीचा फराळ नेहमीसारखा खा आणि मग टेस्ट दे. अपॉइंटमेंट आजच घे.

भीती मलाही वाटते. रोज उठलो की खोलीतल्या वस्तूंची नावं मनात म्हणून बघतो. पण गोळी सुरू आहे, तासभर चालतो, आणि खरा आकडा ठाऊक आहे. तो ठाऊक असला की काहीतरी करता येतं. बाबांना तो कधी कळलाच नाही. मला तू हवी आहेस गं.

नाही म्हणू नकोस.
हेमचंद्र

लंडन, २ डिसेंबर

चि. हेमचंद्र यास अनेक आशीर्वाद.

आठवडाभर चकल्या खाऊन टेस्टला गेले. आकडा तुझ्याहून वरचा, थोरली आहे ना मी! श्रावणाचं सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, मानेच्या अल्ट्रासाउंडला पाठवलं. डावीकडची नळी निम्मी भरलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्यात, सहा महिन्यांनी पुन्हा बघणार. तुझ्या भाऊजींना मीच सांगितलं. तेव्हापासून ते रोज ओट्स शिजवतात, लापशी तरी म्हणावी का त्याला! पण खाते मुकाट्याने.

डॉक्टर म्हणाले, बरं झालं, वेळेत आलात. मी त्यांना म्हटलं, मी कुठली येतेय, मला माझ्या भावाने पाठवलं.

तुला खूप आयुष्य लाभो.
ताई